रुळांत मावणारं हँडल

माझ्या सायकलचं हँडल ६८० मिलिमीटरचं आहे, हे मला ती घेतल्यानंतर कितीतरी महिन्यांनी कळलं. तोवर ते नुसतं हँडल होतं. सायकल वळवायला, घंटी लावायला आणि बाजारातून येताना मेथीची पिशवी अडकवायला. ब्लाउजच्या मापालासुद्धा आपण पाव इंचाखाली उतरत नाही, तिथे हँडलचे मिलिमीटर कोण मोजतंय!

मोजायची वेळ आणली ती पांदणीनं.

मी परतवाड्यात राहते आणि सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका गावात शाळेवर आहे. शाळेसाठी स्कूटी, सायकल पहाटेची आणि सुट्टीची. माउंटन बाइक आहे म्हटलं की लोक विचारतात, मेळघाटात चालवत असाल ना? नाही. जंगलाच्या आत वनविभागाच्या परवानगीवाचून जाता येत नाही आणि जाऊही नये. वाघाला भल्या पहाटे चेनची खरखर ऐकवण्यात काही शौर्य नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, धामणगाव गढीकडून चढणारा घाट सुरेख आहे, पण तो पडला डांबरी. तेव्हा माझं माउंटन बायकिंग म्हणजे सापन धरणाच्या कालव्याची पाळ, संत्र्याच्या बागांमधल्या वाटा आणि पांदणी. डोंगर आपला उत्तरेला उभा राहून बघत असतो.

पांदण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही बाजूंच्या वावरांमधून जाणारी ही गाडीवाट. कागदोपत्री बैलगाडी सहज जाईल एवढी रुंद. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, वर्षानुवर्षं थोडी थोडी खाल्लेली. खाली काळी माती. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात तिच्यात सायकल घालायचीच नसते. चाक चार फेरे घेतं न घेतं तोच चिमट्यात लगदा दाटतो, चाक जागेवर थांबतं आणि मग आपण सायकलवर नसतो, सायकल आपल्यावर असते. खरी गंमत दिवाळीनंतर. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं चिखलात ओढलेले खोल चर तसेच्या तसे वाळून दगड होतात. त्यात पुढचं चाक उतरलं की बाहेर येत नाही. आपण हँडल वळवतो, चराची कड टायरच्या बगलेला घासते, टायर कडेवर चढायला जातो, घसरतो, पुन्हा आत पडतो. तिसऱ्या खेपेला सायकल थांबते. आपण थांबत नाही.

अशा वेळी हातांत काय होतं, ते मी मुद्दाम हळू जाऊन बघितलं. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का हँडलला फिरवायला बघतो आणि ते फिरणं मनगटानं रोखावं लागतं. हँडल अरुंद असेल तर तरफेचा हात आखूड. म्हणजे तोच धक्का रोखायला जास्त जोर. सहावीच्या विज्ञानात मी दरवर्षी फळ्यावर तरफ काढते, टेकू, भार, बल, सगळं. स्वतःच्या सायकलवर मात्र ती बसवून बघितली नव्हती, कारण मनगटं दुखली की आपण म्हणतो, वय झालं.

मग रात्री वाचायला लागले. हँडलच्या रुंदीलाही इतिहास आहे आणि तो सरळ रेषेत नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत माउंट टॅमलपायसच्या आसपासच्या उतारांवर काही पोरं जुन्या, जाडजूड, फुग्या टायरच्या सायकली घेऊन धडाधड खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली नावं. पुढे याच मंडळींच्या खटपटीतून माउंटन बाइक नावाची वस्तू जन्माला आली. त्या जुन्या गाड्यांना मोटारसायकलच्या वळणाची रुंद हँडलं असायची. मग १९८०-९० च्या दशकांत क्रॉसकंट्री शर्यतींचा जमाना आला. हलकं, वाऱ्याला कापणारं, झाडांमधून निसटणारं हवं म्हणून हँडल आखडत आखडत ५६०-५८० पर्यंत आलं आणि त्याला सायकलीशी जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, १२०-१३० मिलिमीटरचा लांबलचक. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकला माउंटन बायकिंग पहिल्यांदा गेलं, ते अशाच अरुंद हँडलांनी. त्यानंतर उलटी गंगा. ६८०, ७२०, ७६०, आता ८०० सुद्धा दुकानात सर्रास मिळतं. म्हणजे माझं ६८० हे मधल्या काळातलं, स्वस्त सायकलीवर मागे राहून गेलेलं माप.

हा इतिहास मी परतवाड्यातल्या आमच्या सायकलवाल्या चाचांना सांगितला. त्यांना ऑलिंपिकशी काही देणंघेणं नव्हतं. त्या पहिल्या शर्यतीच्या उताराला ‘रीपॅक’ म्हणतात, कारण खाली येईस्तोवर मागे पायडल मारून लावायच्या ब्रेकचं गिरीस जळून जायचं आणि हब उघडून नवं भरावं लागायचं, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला. “गिरीस जळालं असन तं छर्रे बी गेले असतीन,” ते म्हणाले. “छर्रे पाहाच लागते.” कॅलिफोर्नियातल्या त्या पोरांबद्दल त्यांना प्रथमच थोडी काळजी वाटलेली दिसली.

किती रुंद घ्यायचं, यावर जगात मतांचा तुटवडा नाही. अडचण अशी की बहुतेक मतं सहा फुटी पुरुषांची असतात आणि माझी उंची पाच फूट दोन इंच. ‘जितकं रुंद तितकं चांगलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की त्याचा मला रागच आला. रुंद हँडलनं तरफ लांबते हे खरं, पण खांद्यांपेक्षा फारच रुंद घेतलं तर कोपरं ताठ होतात, मनगट तिरकं वाकतं, आणि तीव्र वळणावर बाहेरचा हात पुरवताना सगळं धड ओढलं जातं. एक उपाय मात्र कामाचा सापडला. जमिनीवर जोर काढायच्या पवित्र्यात हात ठेवायचे, जिथे सर्वांत बळ वाटेल तिथे, आणि दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं. मला जोर निघत नाहीत, मी ते भिंतीवर हात टेकून केलं. टेप धरायला नवरा. माप भरलं सातशे तीसच्या आसपास.

तरी मी घेतलं ७६०. कारण हँडल कापून कमी करता येतं, वाढवता येत नाही. शिंप्यालाही आपण हेच सांगतो, थोडं कापड आत राहू द्या.

आणि हँडल एकटं येत नाही. माझा जुना स्टेम हँडलला जिथे पकडायचा तिथला व्यास २५.४ मिलिमीटर, हल्लीची बहुतेक हँडलं ३१.८ ची, काही ३५ ची. तेव्हा स्टेम नवा. तो किती लांब? एक ठोकळ हिशेब आहे: हँडल २० मिलिमीटरनं वाढलं की स्टेम १० नं कमी करायचा, कारण हात बाजूला गेले की शरीर पुढे ओढलं जातं. माझा जुना ९० चा होता, मी ५० चा घेतला. रुंद हँडल चाक सावकाश वळवतं, आखूड स्टेम ते चटकन वळवतो. दोघांची मिळून एक सोयीची चाल बसते. ३५ व्यासाचं मी मुद्दाम टाळलं. जाड नळी जास्त कडक आणि आमच्याकडच्या गिट्टीच्या रस्त्यांवर कडकपणाला कोण विचारतो! करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं ते तळव्यातली नस दाबली गेल्यानं. तिथे थोडी लवचीक ॲल्युमिनियमची नळी आणि मागे नऊ अंशांचा वळसा, हे मला वजनातल्या पन्नास ग्रॅमच्या बचतीपेक्षा मोलाचं वाटलं. हँडलची किंमत अडीच हजार. माझा भाऊ शेती करतो. तो किंमत ऐकून म्हणाला, “डीएपीच्या जवळपास दोन थैल्या झाल्या.” त्याच्या हिशेबात सगळ्या जगाचं शेवटी डीएपी खतात रूपांतर होतं.

पार्सल अचलपूरला येऊन पडलं होतं. ते घेऊन येताना शकुंतलेचा रूळ लागला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकलेली छोटी लाइन. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचं नाव तिच्याशी जोडलेलं. गाडी बंद पडून आता काही वर्षं झाली, ती पुन्हा सुरू करा म्हणून लोक अजून मागणी करतात. ही लाइन अडीच फुटी. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. हे मला शाळेच्या एका प्रश्नमंजूषेमुळे पाठ होतं आणि हातात ७६० मिलिमीटरची नळी होती. मग काय राहवणार? गाडी बाजूला लावली, पुठ्ठा फाडला, बबल-रॅप सोडवलं आणि खाली बसून हँडल दोन रुळांच्या मधे आडवं धरलं. रुळाची आतली कड गंजून खरबरीत झालेली, खडी गवताखाली गेलेली, एका स्लीपरच्या बेचक्यात सराट्याचा वेल पसरलेला. हँडलचं एक टोक रुळाला टेकलं आणि दुसऱ्या टोकाशी अंगठ्याचं नख जाईल एवढी फट राहिली. तैवानातल्या कुण्या कारखान्यातली नळी आणि शंभर वर्षांपूर्वीचा वऱ्हाडातला रूळ. याला अर्थ काही नाही, निव्वळ योगायोग. मला मात्र त्या क्षणी पहिल्यांदा ७६० हा आकडा डोळ्यांना दिसला. अख्खी आगगाडी जेवढ्या रुळांवर उभी राहायची, तेवढं रुंद मी हातात धरून पांदणीतून जाणार होते!

हँडल बसवताना चाचांची पहिली शंका: “म्याडम, घराच्या दरवाज्यातून कशी नेसान?” शंका रास्त होती. आमच्या दाराचा एकच पल्ला उघडला तर सायकल आत जात नाही. दुसऱ्या पल्ल्याची वरची कडी काढायला आता स्टूल लागतं. दुसरी अडचण तारांची. हात बाहेर गेले की ब्रेक आणि गिअरच्या वायरी अपुऱ्या पडतात, हँडल पूर्ण वळवलं की ताणतात. स्टेम आखूड झाल्यानं थोडी सूट मिळाली, तरी गिअरची बाहेरची नळी आणि आतली तार दोन्ही नवीन टाकावी लागली. स्टेमचे चार बोल्ट चाचा मनगटाच्या अंदाजानं आवळतात. तिथे मी जरा हट्ट धरला. समोरची पट्टी वर-खाली सारखी फट ठेवून, तिरप्या क्रमानं थोडी थोडी आवळायची, आणि शेवट ५ न्यूटन-मीटरवर. त्यासाठी ठरलेला जोर आला की टक् वाजणारा छोटा टॉर्कचा पान्हा मी सोबत नेला होता. चाचांच्या अंदाजानं आवळलेले बोल्ट त्या पान्ह्यानं तपासले, तर तो लगेच टक् करून वाजला. वर आवळायला काही उरलं नव्हतं. चाचा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

लगेच काप घ्यायचा नाही, हे ठरलेलं होतं. ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर दोन्हीकडून थोडे आत सरकवायचे, टोकं तशीच बाहेर राहू द्यायची आणि आठवडाभर चालवून बघायचं. पहिल्या पांदणीतच फरक कळला. चरात उतरलेलं चाक आता हिसका देईना; ढकलल्यावर हळूहळू कडेवर चढायचं. कोपरं बाहेर गेल्यानं छाती उघडते, श्वास पुरतो, आणि मान आपोआप वर येते. अरुंद हँडलवर माझी नजर कायम पुढच्या चाकापाशी असायची. आता ती दहा-बारा हात पुढे असते, त्यामुळे चरात उतरायची वेळच कमी येते. हँडलनं मिळवून दिलेल्या ताकदीपेक्षा मला हे जास्त लागू पडलं.

पण पांदणीला दोन कडा असतात. डिसेंबरात तूर डोक्याएवढी होते आणि वाटेवर झुकते. हँडलच्या टोकात फांदी अडकली की सायकल झपकन त्या बाजूला वळते. त्याहून वाईट म्हणजे झटका मशीन. रानडुकरांसाठी हल्ली वावरा-वावराला सोलरवरची तार आहे. सेकंदा-सेकंदाला टक्, टक् असा आवाज येतो तो तिचाच. अरुंद जागी एक पाय टेकवून सायकल वळवताना हँडलचं टोक तारेला लागलं तर झटका थेट हातातून पायात. तेव्हा मी ग्रिप बदलल्या. लॉक लागणाऱ्या बऱ्याच ग्रिपांना बाहेरच्या टोकाला धातूची कडी असते. मी फक्त आतल्या बाजूला कडी असलेल्या घेतल्या. बाहेर सगळं रबर आणि टोकाला प्लॅस्टिकचं बूच. तसंही हँडलचं उघडं टोक कधी ठेवू नये. पडल्यावर ती नळी पोटात घुसते. हा सल्ला मात्र सहा फुटी माणसांचा असला तरी ऐकावा.

याच दिवसांत एका धुऱ्यावर बसलेल्या आजोबांनी सायकल थांबवायला लावली. बराच वेळ निरखून झाल्यावर विचारलं, “एलिचपुरी म्हशीचे शिंगं बसवले काय वो म्याडम सायकलले?” मी हसले, पण उपमा अगदी मोजून मारलेली होती. अचलपूरचं जुनं नाव एलिचपूर, आणि ज्या जातीला पुस्तकात नागपुरी म्हैस म्हणतात तिला एलिचपुरी असंही म्हणतात. लांब, चपटी, मागे खांद्यापर्यंत वळलेली शिंगं हीच तिची ओळख. माझ्या नऊ अंशांच्या वळशाची इतकी नेमकी दखल कुणी घेतली नव्हती. “ते म्हैस भरल्या गोठ्यात बी शिंग कुठं लागू देत नाही,” आजोबांनी पुढे जोडलं. मी पुढच्याच वळणावर तुरीला शिंग लावलं.

शेवटी ७४० वर आले. दोन्हीकडून १०-१० मिलिमीटर काढायचे. चाचांनी टेप गुंडाळून कड आखली, बारीक दातांचं हॅक्सॉ पातं लावलं, घाई न करता कापलं, मग कानस फिरवून बाहेरची आणि आतली दोन्ही धार मारली. पडलेल्या दोन चकत्या माझ्या वर्गातल्या मुलींनी मागून घेतल्या. कशाला, ते सांगितलं नाही. या मुलींकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली आहेत: पुढे टोपली, हँडल अरुंद आणि पुरतं मागे ओढलेलं, पाठ सरळ. डांबरी रस्त्यानं दप्तर घेऊन शाळेत यायला तेच बरोबर आहे. त्यांनी माझी चालवून बघितली. एकीनं निकाल दिला, “म्याडम, याच्यावर बसलं का भांडाले निघाल्यावानी वाटते.” कोपरं बाहेर आली की तसं वाटतं खरं.

बाकीच्या सुधारणांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांत मला फारसा विचार करावा लागला नाही, जमिनीनंच करून ठेवला होता. बाभूळ, हिवर, बोराटी आणि सराटे यांच्या मुलखात ट्यूब वापरणं म्हणजे चाचांना पगार देणं. ट्यूबलेस केले. आत दुधासारखं सीलंट असतं, काटा निघाला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. हवा कमी ठेवता येते, मी पंचवीस पीएसआयच्या आत ठेवते, त्यामुळे गिट्टीवर टायर दबतो आणि धक्का हातापर्यंत कमी पोचतो. मात्र आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला की सीलंट आतल्या आत सुकतं. डबीवर काहीही लिहिलेलं असो, मार्च ते जून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा भरावं लागतं. चाचांनी कंप्रेसरनं टायर रिंगमध्ये बसवला, कड फाट्-फाट् करून बसली आणि ते जरा उदास झाले. “मंग आमी पंक्चर कोनाचं काढाव?”

चेनच्या पुढच्या तीन दातेरी चकत्यांऐवजी एकच केली. पुढचा गिअर बदलणारा सांगाडा चिखलात सगळ्यात आधी भरतो, तो काढून टाकण्यातच शहाणपण. काटेरी खिळ्यांचे रुंद पायडल घेतले आणि आठवड्यात नडगीवर त्यांची सही झाली. चालता चालता खाली जाणारा सीटपोस्ट मात्र घेतला नाही. खड्या उतारावर सीट बाजूला झाली की शरीर मागे नेता येतं हे मान्य, पण पांदणीला उतारच नाही आणि घाटाच्या डांबरावर त्याची गरज नाही. व्हिडिओतल्या पोरांना तो लागतो म्हणून मला लागत नाही.

राहता राहिला पुढचा शॉकअप. माझा स्प्रिंगचा आहे, जड, खालच्या भागात किंचित खडखडणारा. हवेचा घ्यायचा तर माझ्या अख्ख्या सायकलीच्या किमतीएवढा पडतो. गेल्या संक्रांतीपासून मी तो फोनवर बघते, कार्टमध्ये टाकते, काढते. सध्या ते पैसे मागच्या टायरकडे वळवायचं ठरतंय, कारण त्याची मधली नक्षी पुसट झाली आहे आणि कालव्याच्या पाळीवर ब्रेक लावला की मागचं चाक बाजूला सरकतं. चाचांचं मत घ्यायला सायकल घेऊन गेले. त्यांनी शॉकअप दोनदा दाबून बघितला, त्याच्या नळ्यांवरून बोट फिरवलं, बोटाला आलेली काळी माती मला दाखवली आणि म्हणाले, “म्याडम, पयले धुऊन आना. मंग पाहू बदलाचं काय ते.”